मुखावरील वली व तिची चिकित्सा

विद्वानांच्या बैठकीत काही विषयांना उघड प्रवेश नसतो. चाळिशी ओलांडलेल्या मनुष्याच्या गालांचे मांस खाली सरते, हनुवटीच्या दोहों बाजूंस ते लोंबू लागते, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत खोल रेघा पडतात आणि गळ्याचे कातडे सैल होते. ह्या गोष्टी आरशापुढे एकट्याने पाहावयाच्या, चारचौघांत बोलावयाच्या नव्हत, असा आपला संकेत आहे. बोलणे झालेच तर ते थट्टेचे. परंतु ज्या गोष्टीवर मनुष्यजातीने दोन हजार वर्षे बुद्धी, द्रव्य आणि कित्येकदा जीवही खर्ची घातला, ती इतिहासाच्या अभ्यासकाने क्षुल्लक म्हणून टाकून द्यावी हे आम्हांस रास्त वाटत नाही. शिवाय हा इतिहास केवळ पॅरिस-न्यूयॉर्कचा नाही. त्याचा एक धागा जालना जिल्ह्यातील भोकरदनापासून निघतो, तर दुसरा पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराच्या हातून.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. संस्कृत वैद्यकात कातड्याच्या वळीस वली व पिकलेल्या केसांस पलित म्हणतात, आणि ही जोडगोळी म्हातारपणाची खूण म्हणून जागोजाग येते. मराठीत सुरकुती हा शब्द आहे, पण तो रेघेपुरता. चेहऱ्याचे मांस ओघळण्यास आपल्याकडे एक शब्द नाही. 'चेहरा उतरला' असे आपण म्हणतो, पण ते दुःखाने किंवा आजाराने. वयाने उतरलेल्या चेहऱ्यास गाल बसले, कातडे लोंबले अशी तुटक भाषा वापरावी लागते. ज्याविषयी बोलावयाचे नाही त्यास शब्द तरी कोठून मिळणार?

आता भोकरदन. आज तालुक्याचे ठिकाण असलेले हे गाव सातवाहनकाळी भोगवर्धन नावाने प्रसिद्ध होते. सांची व भारहूत येथील स्तूपांवर ज्या दात्यांची नावे कोरली आहेत त्यांत भोगवर्धनाचे रहिवासी आढळतात. पैठणहून उज्जयिनीस जाणाऱ्या व्यापारी मार्गावर हे नगर वसले होते. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले तेव्हा इतर वस्तूंबरोबर हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती सापडली. ती पाहताच अभ्यासकांस दूरदेशीच्या एका मूर्तीची आठवण झाली. इटलीत व्हेसुव्हियस पर्वताच्या उद्रेकात इ. स. ७९ मध्ये गडप झालेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली अमेदेओ माइउरी ह्यांस तशाच घडणीची, सुमारे वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. मध्यभागी अलंकारांनी मढलेली एक स्त्री उभी आहे व तिच्या दोहों अंगांस दोन लहान दासी प्रसाधनाचे साहित्य घेऊन उभ्या आहेत. मूर्तीच्या माथ्यात वरून भोक पाडलेले असल्यामुळे ती आरशाची मूठ असावी असा तर्क कित्येकांनी केला आहे. दुसरे कित्येक तिला एखाद्या आसनाचा पाय समजतात. तेर येथेही ह्याच धर्तीची मूर्ती सापडली आहे. तेव्हा पॉम्पेईची ती सुंदरी आपल्या दख्खनच्याच कारागिरांनी घडविली असावी, हे म्हणणे पुष्कळांस पटते आणि आम्हांसही पटते.

ह्या मूर्तीवरून भोगवर्धनाच्या स्त्रिया वलीवर काय उपाय करीत हे कळत नाही, आणि तसे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. तीवरून एवढेच कळते की, प्रसाधन ही त्या नगरात एक व्यवस्थित कला होती, तिच्या सेवेसाठी माणसे नेमलेली असत, आणि तिचे चित्र समुद्रापार विकत घेणारे गिऱ्हाईक होते. तरुणच काय ती प्रसाधन करीत, असे मानण्यासही आधार नाही.

त्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब गावी, १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात गर्भवासापासून मरणापर्यंत देहाची जी कहाणी त्यांनी सांगितली आहे, तीत वार्धक्याचे वर्णन इतके निर्दय आहे की वाचणाऱ्याने आरसा पालथा घालावा. समर्थांचा हेतू उघड आहे. देहाचा लोभ सुटावा म्हणून ते देहाची दुर्दशा दाखवितात. भोगवर्धनाची हस्तिदंती सुंदरी आणि जांबचा विरक्त पुरुष ह्या दोघांत काही कोसांचे व सुमारे दीड हजार वर्षांचे अंतर आहे. आपल्या घरांतील सुशिक्षित मनुष्य ह्या दोहोंच्या मध्ये कोठे तरी उभा असतो. सकाळी तो दासबोध वाचतो आणि अंघोळीनंतर कपाळावरच्या रेघा मोजतो.

आयुर्वेदाने मात्र ह्या बाबतीत संकोच धरलेला नाही. म्हाताऱ्या च्यवन ऋषीस अश्विनीकुमारांनी पुन्हा तरुण केल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पुण्याईवर च्यवनप्राशाच्या बाटल्या आजही खपतात. परंतु कथेपेक्षा आम्हांस वाग्भटाचा कोरडा तपशील अधिक मोलाचा वाटतो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात मुखालेपाचा विधी आहे. ज्यांस मूळ पाहावयाचे असेल त्यांनी डॉ. गणेश कृष्ण गर्दे ह्यांचा 'सार्थ वाग्भट' उघडावा. लेप तीन प्रकारचे, दोष घालविणारा, विष घालविणारा व कांती देणारा; त्यांची जाडी पाव, तृतीयांश किंवा अर्धे बोट. सहा ऋतूंस सहा लेप सांगितले आहेत. हेमंतात बोराच्या बियांतील मगज, अडुळशाचे मूळ, लोध्र व पांढरी मोहरी. ग्रीष्मात कमळांच्या जाती, दूर्वा, ज्येष्ठमध व चंदन. लेप ओला आहे तोवरच ठेवावा; वाळला की तो कांती बिघडवितो, म्हणून काढण्यापूर्वी तो भिजवावा. अजीर्ण झालेल्यास, सर्दी-पडसे असलेल्यास किंवा रात्री जागरण केलेल्यास लेप देऊ नये. लेप लावलेल्याने दिवसा झोपू नये, फार बोलू नये, विस्तव, ऊन, शोक व क्रोध टाळावे. नीट दिलेला लेप अकाली पिकणारे केस, वांग व वळ्या घालवितो, असे त्याचे फळ सांगितले आहे.

आमच्या काही मित्रांस ह्यावरून वाग्भटाला सूर्याच्या अतिनील किरणांचे ज्ञान होते असे सिद्ध करण्याचा मोह होतो. तो आम्हांस मुळीच मान्य नाही. उन्हाचा निषेध येथे लेपाच्या पथ्यापुरता आहे, आणि त्याच यादीत दिवसाची झोप व रागही आहे. पूर्वजांच्या पदरात त्यांनी न मागितलेली बिदागी टाकल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. त्यांची खरी थोरवी निराळी आहे. 'अकाली' हा शब्द त्यांनी विसरून घातलेला नाही. वयाप्रमाणे येणारी वली आणि वेळेपूर्वी आलेली वली ह्यांत भेद करण्याचे भान आजच्या जाहिरातवाल्यांस नाही.

लेपाने कातड्यास मार्दव येते. ओघळलेले मांस त्याने वर चढत नाही. ते वर चढवावयाचे तर शस्त्र हवे, आणि मुखावरील शस्त्रकर्माची कथा आपल्याच प्रांतातून जगात गेली. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक व एक हात तोडला. सुमारे एक वर्ष तो बिननाकाचा वावरला. पुढे पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्याने त्यास नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले ह्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे कर्म पाहिले होते. त्याचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापला गेला. सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सनेच कावसजीचेही चित्र काढले.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून त्यास नाकाचा आकार द्यावयाचा. तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ ओढावयाची. त्या रेघेवर कातडे कापून सोडवावयाचे. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये त्याची एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवावयाची. ह्या पट्टीतून रक्त येत राहते व कातडे जिवंत राहते. सारे मर्म येथे आहे. मग थोट्याच्या कडेस खाच पाडून तीत हे कातडे फिरवून बसवावयाचे. टाके नाहीत. पाण्यात मऊ केलेला कात फडक्यास लावून त्याच्या पट्ट्या एकीवर एक बसवावयाच्या. चौथ्या दिवशी त्या काढून तुपात भिजविलेले फडके लावावयाचे. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहावे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ फडक्याचे तुकडे घालावे. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापावी. सुश्रुताने नाकासाठी गालाचे कातडे सांगितले आहे, पुण्याच्या कारागिराने कपाळाचे घेतले. म्हणजे परंपरा पोथीत गोठून न राहता हातांतून हातांत बदलत आली होती. वृत्तांतात त्या कारागिराचे नाव नाही. बैलवाल्याचे नाव जगभरच्या वैद्यकाच्या इतिहासात छापले गेले, आणि ज्याने नाक केले तो मात्र जातीवरूनच ओळखला जातो.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हा वृत्तांत ध्यानात ठेवला, प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अंमलदारावर हे शस्त्रकर्म केले. त्या गृहस्थाचे नाक शत्रूने कापलेले नव्हते. यकृताच्या विकारावर दिलेल्या पाऱ्याने ते झडले होते. पट्टी सोडली तेव्हा जवळ उभा असलेला त्याचा मित्र, नाक खरोखरच जागेवर आहे, असे ओरडला म्हणतात. १८१६ साली कार्प्यूने आपले पुस्तक प्रसिद्ध केले व ही रीत युरोपभर 'भारतीय रीत' म्हणून पसरली. १८८९ मध्ये जुनागडच्या त्रिभुवनदास मोतीचंद शहा ह्यांनी अशा शंभर रोग्यांची हकीकत छापली. पहिल्या महायुद्धात तोफांनी चेहरे उडालेल्या शिपायांवर हॅरल्ड गिलीज ह्यांनी इंग्लंडातील सिडकप येथे हजारो शस्त्रकर्मे केली, तेव्हाही कपाळाचे ते कातडे त्यांच्या उपयोगी पडले.

दुरुस्तीची ही विद्या तारुण्याच्या चाकरीत केव्हा शिरली? १९०१ साली बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर ह्यांनी एका पोलिश सरदारघराण्यातील बाईच्या आग्रहावरून कानांपुढील कातडे कापून गाल ताणले, असे त्यांनीच पुढे लिहिले. १९०६ मध्ये एरिख लेक्सर ह्यांनी एका नटीवर असेच शस्त्रकर्म केले. पण ह्या कथेतील खरी व्यक्ती आमच्या मते पॅरिसच्या डॉ. सुझान नोएल ह्या होत. अमेरिकेत चेहरा ताणून घेऊन आलेल्या सारा बर्नहार्ट ह्या नटीस पाहून १९१२ च्या सुमारास त्यांस ह्या विषयाची गोडी लागली. युद्धकाळी त्यांनी जखमी शिपायांचे चेहरे दुरुस्त करण्याचे काम शिकून घेतले, आणि नंतर तीच कला मध्यम वयाच्या स्त्रियांसाठी वापरली. त्यांच्याकडे येणाऱ्या सर्वच बायका छानछोकीच्या नव्हत्या. तोंडावर वय दिसू लागले म्हणून दुकानातील किंवा कचेरीतील जागा जाईल ह्या भीतीने पुष्कळजणी येत. ह्या कामाचे सामाजिक कार्य काय, हे सांगणारे पुस्तक त्यांनी १९२६ मध्ये लिहिले. त्याच बाई स्त्रियांच्या मताधिकारासाठीही झगडत होत्या. बैल हाकणाऱ्या कावसजीस नाकाची गरज होती हे सर्वांस पटते. मग जिचे पोट चेहऱ्यावर चालते त्या बाईस गालांची गरज आहे, हे म्हणताना आपली जीभ का अडखळावी, हे कोणी आम्हांस समजावून सांगावे.

चेहरा ओघळतो तो कातडे वाढल्यामुळे नव्हे. कातड्यास बळकटी देणारे व ताणून पुन्हा जागेवर आणणारे तंतू वयाने कमी होतात. ऋतुसमाप्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रियांच्या कातड्यातील बळकटीच्या तंतूंचा सुमारे तीस टक्के भाग जातो असे सांगतात. त्याखालची चरबी झिजते व खाली सरते, आणि त्याहीखाली जबड्याचे व डोळ्यांच्या खोबणीचे हाड आटत जाते. गादीतील कापूस एका बाजूस सरला असता नुसती खोळ ओढून शिवली तर काय होईल? काही दिवस बरी दिसेल, मग शिवण ताणेल. पहिल्या सत्तर वर्षांतील शस्त्रकर्मे पुष्कळअंशी अशीच होती. १९७४ मध्ये स्वीडनच्या तोर्ड स्कूग ह्यांनी कातड्याखालचा थरही उचलण्याची रीत प्रसिद्ध केली व १९७६ मध्ये मित्झ आणि पेरोनी ह्या फ्रेंच वैद्यांनी त्या स्नायुमय थराचे वर्णन केले. तेव्हापासून ओढ कातड्यावर न देता त्या थरावर देतात व परिणाम कित्येक वर्षे टिकतो. मुखाच्या मज्जातंतूस इजा होण्याची आणि कातड्याखाली रक्त साखळण्याची भीती मात्र आजही आहे, हे कुशल वैद्य आधी सांगतो.

सुईच्या उपायांची कथा थोडक्यात सांगतो. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेरसुनी ह्यांनी पातळ केलेले पॅराफिन टोचून खोलगट भाग भरण्याची रीत काढली. ते मेण पुढे सरकले, गाठी झाल्या, व्रण झाले, आणि पंचवीस-तीस वर्षांत ती रीत बदनाम होऊन बुडाली. आज हायल्युरॉनिक आम्ल टोचतात. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच. १९३४ मध्ये तो गुरांच्या डोळ्यातील द्रवात सापडला, व चेहऱ्यात भरण्यास अमेरिकेत २००३ साली परवानगी मिळाली. ते काही महिन्यांनी विरते. क्वचित ते रक्तवाहिनीत शिरून कातडे मरते किंवा दृष्टी जाते, म्हणून अर्धवट शिकलेल्या हातांत ती सुई देऊ नये. बॉट्युलिनम हे तर मूळचे खराब मांसातील विष. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट ह्यांनी ते तिरळेपणावर वापरले. १९८७ पासून व्हँकूव्हरच्या कॅरुथर्स दांपत्याने त्याने कपाळाच्या आठ्या जातात हे ताडून पाहिले. २००२ मध्ये त्यास आठ्यांसाठी मान्यता मिळाली. त्याचा अंमल तीनचार महिने. आठी घालविण्यास ते चांगले; लोंबणारा गाल त्याने उचलला जात नाही, आणि तसे सांगून ते विकणारा मनुष्य खोटे बोलतो.

ह्या सर्वांहून स्वस्त उपाय जो आहे त्यास कोणी जाहिरातीत मोठी जागा देत नाही. ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर येथे ५५ वर्षांखालील ९०३ माणसांवर साडेचार वर्षे चाललेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज नियमाने ऊन अडविणारे मलम लावणाऱ्यांच्या कातड्यावरील वार्धक्याच्या खुणा, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा चोवीस टक्के कमी आढळल्या. ती माणसे गोऱ्या कातडीची होती. आपल्या सावळ्या वर्णास निसर्गाने थोडे अधिक संरक्षण दिले आहे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा आपणांस लागू करता येणार नाही. तरीही मराठवाड्याचे वैशाखातील ऊन हे काही लहान ऊन नव्हे. अंबड-परतूरकडे कापसाच्या शेतात किंवा मोसंबीच्या बागेत राबणारी चाळिशीची बाई आणि तिच्याच वयाची जालन्याच्या घरात बसणारी सावकारीण शेजारी बसवा. वयाचा हिशेब चुकेल. डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर किंवा पुरुषाचा रुमाल ह्यांस आम्ही केवळ रूढी मानीत नाही. दुसरी गोष्ट दातांची. दाढा गेल्या की जबड्याचे हाड आटते, गाल आत जातात आणि ओठ वळतात. मिश्री व तंबाखू हिरड्या खाऊन दातांची वाट लावतात. चेहऱ्यावर हजारो रुपये घालणाऱ्या गृहिणीस आधी दंतवैद्याकडे जा असे सांगितले तर तिला अपमान वाटतो, पण कवळी बसविलेल्या माणसाचा चेहरा त्याच दिवशी भरलेला दिसतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

ह्या विषयावर न बोलण्याचा जो संकेत आम्ही आरंभी सांगितला, त्याचे फळ येथे दिसते. घरात कळू नये म्हणून मध्यम वयाची बाई वैद्याकडे जात नाही. ती औषधाच्या दुकानातून शेजारणीने सांगितलेली नळी आणविते. त्या नळीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. चिठ्ठीवाचून अशी मलमे विकू नयेत म्हणून भारत सरकारने २०१८ मध्ये त्यांतील अनेकांस नियमांच्या कक्षेत आणले, तरी ती मिळतात. कित्येक गोरेपणाच्या मलमांत पारा असतो. तोच पारा, ज्याने कार्प्यूच्या रोग्याचे नाक नेले. अकोल्यात एकाच घरातील तिघींच्या मूत्रपिंडांस अशा मलमाने इजा झाल्याची बातमी २०२३ च्या आरंभी वर्तमानपत्रांतून आली होती. स्टेरॉइडची करामत अशी की पहिले काही आठवडे चेहरा खरोखरच नितळ व उजळ दिसतो, आणि शेजारणीही विचारू लागतात. मग कातडे पातळ होत जाते, तांबड्या शिरा वर येतात, ओठांवर लव वाढते. मलम थांबवावे तर तोंड लाल होऊन भाजल्यासारखे आग करते, म्हणून बाई पुन्हा तीच नळी आणविते. ज्या वळ्या घालवावयाच्या होत्या त्या अशा पातळ कातड्यावर पूर्वीपेक्षा अधिक उठून दिसतात, आणि मलम सोडल्यावर तोंड निवळण्यास कित्येक महिने लागतात.